झेंडा, सावल्या आणि तारे: चंद्रावर माणूस उतरलाच नाही म्हणणाऱ्यांना उत्तर

दरवर्षी जुलैच्या विसाव्या तारखेच्या आसपास एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: १९६९ साली नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरलेच नाहीत, रशियावर कुरघोडी करण्यासाठी अमेरिकेने ते दृश्य स्टुडिओत चित्रित केले. पुरावे म्हणून हवा नसताना फडकणारा झेंडा, तारे नसलेले आकाश, वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या सावल्या, पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांमधला प्राणघातक किरणोत्सर्ग आणि त्यानंतर तेथे पुन्हा कोणीच न उतरणे, एवढे मुद्दे दिलेले असतात. यंदा तो मला माझ्या काकांनी पाठवला आणि खाली लिहिले, "तूच सांग, हवा नाही तर झेंडा हलतो कसा?" काकांनी मनापासून विचारले होते, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

या संदेशाची मोहिनी मला कळते. तो वाचकाच्या हातात छायाचित्र ठेवतो आणि 'तुम्हीच पाहा' म्हणतो. मग भल्याभल्यांच्या नजरेतून निसटलेले आपल्याला दिसले, हा आनंद काही लहान नसतो. माझी तक्रार एवढीच आहे की संदेश प्रश्नापाशीच थांबतो, आणि खरी गंमत तर उत्तर शोधू लागल्यावर सुरू होते.

झेंड्यापासून सुरुवात करू. हवा नसल्यामुळे झेंडा लोंबकळत राहील हे नासाला ठाऊक होते, म्हणून नायलॉनच्या त्या कापडाच्या वरच्या कडेत एक आडवी दांडी घातली होती. अपोलो ११ च्या, म्हणजे आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांच्या त्या मोहिमेच्या वेळी ती दांडी पूर्ण उघडली नाही, कापडाला चुण्या पडल्या आणि त्या चुण्याच छायाचित्रात वाऱ्याच्या लाटांसारख्या दिसतात. ऑल्ड्रिन झेंड्याला सलामी देत असतानाचे छायाचित्र आणि त्याच्या लगेच नंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे: हात खाली आला आहे, पण झेंड्याची एकही चुणी जागची हललेली नाही. चित्रफितीत झेंडा हलतो तो अंतराळवीर काठी जमिनीत रोवत असताना, आणि हात सुटल्यावरही थोडा वेळ झुलत राहतो, कारण त्याला आवरायला तेथे हवाच नाही.

ताऱ्यांचा प्रश्न कोजागिरीच्या रात्री गच्चीवर सुटू शकतो. मोबाइलचा कॅमेरा पूर्ण चंद्रावर धरा, पडद्यावरच्या चंद्रावर बोट टेकवा आणि त्यावरचे काळसर डाग स्पष्ट दिसेपर्यंत उजेड कमी करत न्या. चंद्र छान येतो आणि डोळ्यांना दिसत असलेले तारे छायाचित्रातून नाहीसे होतात. अंतराळवीर भर उन्हात उजळलेली जमीन आणि पांढरे पोशाख टिपत होते. कॅमेऱ्याचे आतले झाकण (शटर) सेकंदाच्या अडीचशेव्या भागाएवढा वेळ उघडले, तर मंद ताऱ्यांचा प्रकाश फिल्मवर उमटणार कसा?

सावल्यांचे उत्तर याहून सोपे आहे. नांगरलेल्या शेतात संध्याकाळी विजेच्या खांबांच्या सावल्या पाहिल्या, तर ढेकळांवरून आणि सऱ्यांमधून जाताना त्या वाकतात, आणि रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र येताना दिसावेत तशा समांतर सावल्याही एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. शिवाय स्टुडिओत दोन दिवे असते, तर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडल्या असत्या.

किरणोत्सर्गाचा धोका खरा होता. परंतु यानाचा मार्ग पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांच्या विरळ भागातून आखलेला होता आणि पट्टे काही तासांत ओलांडले गेले. सर्व अपोलो मोहिमांत अपोलो १४ च्या अंतराळवीरांना सर्वाधिक किरणोत्सर्ग मिळाला, तो सरासरी एक रॅडच्या (रॅड हे शरीरात शोषलेल्या किरणोत्सर्गाचे माप) किंचित वर होता. जीव जाण्यासाठी काही शे रॅड लागतात.

पुन्हा कोणी का उतरले नाही? उतरले की! १९७२ पर्यंत सहा मोहिमांत बारा जण उतरले, हे संदेशात सांगितलेलेच नसते. पुढच्या तीन मोहिमा पैशांअभावी रद्द झाल्या. १९६६ मध्ये अमेरिकी सरकारच्या खर्चात नासाचा वाटा चार टक्क्यांहून जास्त होता, तो दहा वर्षांत एक टक्क्याच्या आसपास आला.

येथे खंडन करणाऱ्यांचीही एक चूक सांगितली पाहिजे. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर किरण परत येतात, म्हणजे माणूस गेला होता, असे अनेक जण ठासून सांगतात. तसे आरसे रशियाच्या मानवरहित लुनोखोद गाड्यांवरही आहेत, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरत नाही. हुरूप आला की आपल्याही हातून घाई होते.

भक्कम पुरावे दुसरीकडे आहेत. अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर चालवलेल्या गाडीची चित्रफीत पाहा: चाकांमागून उडालेली धूळ रेखीव कमान करून सरळ खाली पडते, आपल्याकडे कच्च्या रस्त्यावर जीपमागे रेंगाळतो तसा लोट कोठेही उठत नाही. असे केवळ निर्वात जागेतच घडते. अपोलो ११ उतरले तेव्हा रशियाचे लुना १५ हे यान चंद्राभोवतीच फिरत होते. बनाव उघडा पाडण्यात ज्यांचा सर्वांत जास्त फायदा होता, त्यांनी तो आरोप केला नाही.

आणि आणलेले ३८२ किलो दगड व माती. त्यातले काही नमुने मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आले होते. सूर्याकडून आणि दूरच्या अवकाशातून आलेले वेगवान कण खनिजांच्या स्फटिकांत घुसताना बारीक रेघा सोडून जातात. पृथ्वीवरच्या दगडांना वातावरणाचे कवच असते, त्यामुळे अशा कणांचा तो मारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या नमुन्यांतल्या रेघा रसायनाने उघड्या करून कुलाब्यातल्या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. काकांना मी झेंड्याच्या उत्तराबरोबर हेही लिहून पाठवले आहे.