खिडकी दोन बोटं उघडी ठेवली म्हणून कॅराव्हॅनमधली रात्र सुरक्षित होत नाही

थंडी पडली की कॅराव्हॅन आणि कॅम्पर व्हॅनवाल्यांसाठी एक सल्ला हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: खिडकी दोन बोटं उघडी ठेवा आणि एसी, जनरेटर, हीटर काहीही लावून बिनधास्त झोपा. विषारी वायू (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) जड असतो, त्यामुळे वरच्या बर्थवर धोका नाही. गळती झालीच तर वासानं जाग येते. शेगडीचा धूर थांबला की ती आत घेतली तरी चालते. डोकं दुखलं तर ऑक्सिमीटर लावा, आकडा ९५च्या वर असला तर निवांत राहा.

यातलं एकही वाक्य खरं नाही. चूक झोपेत घडते, म्हणून ती सुधारायची संधीही मिळत नाही.

"खिडकी उघडी असली की झालं"

खिडकीतून धूर बाहेर जातो तसा आतही येतो. उभ्या गाडीवर वारा एका बाजूनं आदळला की दुसऱ्या बाजूला हवा घुटमळते. सायलेन्सरचं तोंड नेमकं त्या बाजूला असेल तर धूर तिथेच साचतो आणि खिडकीवाटे आत शिरतो. शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा जनरेटरही हेच करू शकतो. कोकणात किनाऱ्यावरच्या वाळूत किंवा गवतात गाडी मागे घेताना सायलेन्सरचं तोंड बुजलं, तर धूर मधल्या सांध्यांतून गाडीखाली पसरतो.

त्याहून मोठा रस्ता गाडीच्या तळातून आहे. सिंकचा पाइप, गॅसची नळी, बॅटरीच्या केबली, सगळं गाडीच्या तळाला भोक पाडूनच जातं. भोकातलं ग्रोमेट, म्हणजे वायरीभोवतीचं रबरी कडं, दोन-चार उन्हाळ्यांत सुकून तडकतं, सिलिकॉन सुटतं, नवी वायर ओढताना कुणीतरी भोक मोठं करून तसंच सोडतं. छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालू केला की तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत ओढली जाते. खिडक्या जवळपास बंद असतील तर ती या भोकांतूनच येते. खालच्या कप्प्यात जनरेटर चालू असेल तर त्याचा धूर घेऊन येते.

डिसेंबर २०२४मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या भोकातून आत आल्याचं तपासात निघालं.

तपासणी सोपी आहे. अंधार पडल्यावर आतले दिवे मालवा. एकानं गाडीखालून टॉर्च मारायचा, दुसऱ्यानं आत बेडखालचे कप्पे, सिंकखालची जागा आणि चाकांच्या कमानी बघायच्या. उजेड दिसला तिथून धूर येणार. ग्रोमेट नवं बसवा. इंजिन किंवा जनरेटरच्या बाजूला उष्णता सोसणारं सीलंटच वापरा, फोम नको. सायलेन्सरच्या सांध्याजवळ काळ्या काजळीचा पट्टा दिसला तर गॅस्केट (सांधा घट्ट बंद ठेवणारी चकती) गेलंय. सायलेन्सरची नळी गाडीच्या कडेपर्यंत, पूर्ण बाहेर यायला हवी.

झोपताना जनरेटर आणि इंजिन दोन्ही बंद. मग एसी कशावर? हिशेब करा. एसीनं सरासरी ५०० वॅट घेतले तर ८ तासांत ४ युनिट लागतात. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत जेमतेम अडीच युनिट असतात. म्हणजे एसीच हवा असेल तर मुक्काम वीजजोडणी मिळेल अशा आवारात करायचा: १६ अँपिअरचा अर्थिंग असलेला प्लग, २.५ चौरस मिलिमीटरची केबल पूर्ण उलगडून, आणि गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच. नाहीतर पंखा लावून झोपायचं.

"वायू जड असतो, वास येतो"

हे एलपीजीचं वर्णन आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि त्यात मुद्दाम वासाचं रसायन मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका. तो सगळीकडे सारखा मिसळतो, वरच्या बर्थवरही, आणि त्याला वास नाही. म्हणून अलार्म दोन लागतात: एलपीजीचा जमिनीपासून वीतभर वर, कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीला. स्मोक डिटेक्टर या दोन्हींपैकी कशाचंच काम करत नाही.

"धूर थांबला की शेगडी आत घ्या"

धूर नसलेले लाल निखारेही भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतात. शेगडी रात्रभर बाहेर, पाणी ओतून विझवलेली. ज्वाला उघडी असलेल्या गॅस हीटरलाही हाच नियम: नेपाळमध्ये दामन इथे जानेवारी २०२०मध्ये असा हीटर लावून खोलीत झोपलेले केरळचे ८ पर्यटक दगावले.

"ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय"

हा सल्ला सर्वात घातक, कारण तो धोक्याची खूण दिसल्यावरही माणसाला गाडीतच बसवून ठेवतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि असं हिमोग्लोबिन बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजननं भरलेलंच वाटतं. शरीर गुदमरत असताना आकडा ९८ राहू शकतो.

लेहला, साडेतीन हजार मीटरवर, डोकेदुखी आणि मळमळ म्हणजे विरळ हवा असं धरून चालतात. इकडे तेच ढाब्यावरच्या जेवणावर ढकललं जातं. ओळखायची खूण अशी: गाडीतल्या सगळ्यांना एकाच सुमारास त्रास होतो आणि बाहेर आल्यावर बरं वाटतं. खूण जुळो न जुळो, आधी बाहेर पडा. दारं उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, जमल्यास इंजिन बंद करा, १०८ला फोन लावा. सामानासाठी पुन्हा आत जाऊ नका. बरं वाटलं तरी दवाखाना चुकवायचा नाही: साध्या हवेत या वायूचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला ४-५ तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण एक ते दीड तास. डॉक्टरांना "गाडीत धूर होता, कार्बॉक्सीहिमोग्लोबिन (हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासा" असं स्पष्ट सांगा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेताना ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक छापलेला घ्या. ते फिरत्या गाड्यांसाठीचं आहे. हवेत ३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ३०० भाग) झाले की असा अलार्म ३ मिनिटांच्या आत वाजायला हवा, ५० पीपीएमला मात्र तास-दीड तास घेतो. म्हणून तो वाजला की "बघू जरा" म्हणायला वेळ नसतो. भाड्याची गाडी ताब्यात घेताना टेस्ट बटण दाबून थांबू नका, त्यानं फक्त भोंगा आणि बॅटरी तपासली जाते. अलार्म उलटा करा आणि मागची बदलण्याची तारीख वाचा. ती उलटून गेली असेल तर आतला सेन्सर भरवशाचा नाही. नवा बसवून मागा किंवा स्वतःचा घेऊन जा.