सीसीत कोण कोण?

आमच्या ऑफिसात एखादी गोष्ट तोंडी ठरली, की समोरचा माणूस खुर्चीवरून उठता उठता म्हणतो, "तेवढा एक मेल टाकून ठेवा." तो मेल कुणी वाचणार नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. उद्या काही बिनसलंच, तर खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याची ती आजच केलेली तजवीज. ऑफिसातला मेल ज्याच्या नावाने लिहितात त्याच्यासाठी नसतोच मुळी; तो पुढेमागे होणाऱ्या भांडणासाठी लिहून ठेवायचा असतो. एवढं कळलं, की त्यातल्या 'काइंडली'चा आणि 'वॉर्म रिगार्ड्स'चा उलगडा व्हायला लागतो.

एचआरवाले हे सांगत नाहीत. ते दरवर्षी कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून, गार झालेले समोसे देऊन, मेलचे शिष्टाचार शिकवतात. सगळं कॅपिटलमध्ये लिहू नका, ओरडल्यासारखं वाटतं. डोकं भडकलेलं असताना पाठवू नका. विषयाची ओळ कोरी सोडू नका. यात नवं काहीच नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या नावाने नेटवरच्या वागणुकीची एक नियमावली निघाली, तिच्यात हे सगळं आहे. सही चार ओळींच्या वर जाऊ नये, हेसुद्धा त्यात आहे.

आमच्या पर्चेसमधल्या एका गृहस्थांपर्यंत ही नियमावली अजून पोचायची आहे. त्यांच्या सहीत नाव, त्याखाली पदव्या, पद, दोन मोबाइल, एक लँडलाइन, कंपनीचा लोगो, कंपनीला कधीतरी मिळालेल्या पुरस्काराचा लोगो, आणि 'हा मेल तुमच्यासाठी नसेल तर तो ताबडतोब नष्ट करा' अशी कायदेशीर धमकी. सगळ्यात शेवटी हिरव्या अक्षरांत 'झाडं वाचवा, प्रिंट काढू नका'. या सगळ्याच्या वर मूळ मजकूर: 'ओके'. अकाउंट्समधले काका त्याचा प्रिंट काढतात, पंच करून फायलीला लावतात. दोन पानं होतात. दुसऱ्या पानावर फक्त धमकी आणि झाडं.

हे काका माझ्यापासून दोन पार्टिशन पलीकडे बसतात. त्यांचा खोकला मला ऐकू येतो, फोनवर घरच्यांना भाजी काय आणू विचारतात तेही ऐकू येतं. पण मी नाशिकला क्लायंटकडे जाऊन आले, त्याचं टॅक्सीचं बिल अडकलं, तेव्हा हाक मारून विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर "मेल केलायस का?" हेच उत्तर आलं असतं. म्हणून मेल. मनात होतं, 'काका, पैसे कधी?' स्क्रीनवर उमटलं, 'होप धिस मेल फाइंड्स यू वेल.' ते वेल होते हे मला माहीत होतं. तासाभरापूर्वीच त्यांनी माझ्या डब्यातली भरली वांगी चाटूनपुसून खाल्ली होती.

उत्तर आलं, 'डिअर मॅडम, प्लीज सबमिट ओरिजिनल टोल रिसीट.'

आता टोल फास्टॅगने कापला जातो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून देशभर राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या 'हिवरगाव पावसा' या टोलनाक्यावर गाडी पुढे सरकते, वरचा कॅमेऱ्यासारखा डोळा टॅग वाचतो, दांडा वर जातो, संपलं. कागद कुठून आणू? आमच्या बिलाच्या फॉर्मवर मात्र 'मूळ पावती जोडावी' हा रकाना अजून जिवंत आहे, आणि काकांचं इमान सरकारशी नसून फॉर्मशी आहे. त्यातून फास्टॅग टॅक्सीवाल्याचा. त्या बिचाऱ्याने बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला. मी तो जोडला. उत्तर आलं, 'नोटेड. ओरिजिनल अवेटेड.'

मग सुरू झाला रिमाइंडरचा सिलसिला. आधी जेंटल रिमाइंडर. मग त्यातला जेंटल गळतो. मग विषयाच्या ओळीत 'अर्जंट' चढतं. पण खरी चढाई होते ती सीसीमध्ये, म्हणजे 'कार्बन कॉपी'त, प्रत आणखी कुणाकुणाला जाणार त्या रकान्यात. पहिला मेल फक्त काकांना. पुढच्यात माझे मॅनेजर. काकांनी उत्तर देताना त्यांचे मॅनेजर घातले. मग मी अ‍ॅडमिन घातलं, त्यांनी ऑडिट. टाइपरायटरच्या काळात प्रत वाढवायची म्हणजे आणखी एक कार्बन कागद घाला, बोटं काळी करा, आणि खालच्या प्रतीवरचं अक्षर उजेडात धरून वाचा. त्यामुळे साक्षीदार आपोआप मर्यादित राहत. आता नावाची दोन अक्षरं टाइप केली की कंप्युटरच पुढची नावं सुचवतो, 'यांनाही घेताय का?' म्हणून.

गंमत म्हणजे या सगळ्या काळात रोज चार वाजता आम्ही दोघं खालच्या टपरीवर कटिंग घेत होतो. "अगं, तुझ्या सासूबाईंचा गुडघा काय म्हणतोय?" असं काका विचारायचे. मी त्यांच्या मुलीच्या बारावीची चौकशी करायची. बिलाचा विषय कुणीही काढला नाही. तो मेलवरचा विषय, तो टपरीवर आणायचा नाही, हे सोवळं आम्ही दोघांनीही कडक पाळलं. चहा संपवून वर गेलं, की मी परत 'डिअर मॅडम'.

तोवर त्या मेलवर वीसेक माणसं जमली होती, आणि त्यातल्या एकाने सगळ्यांना कळवलं, 'प्लीज रिमूव्ह मी फ्रॉम धिस ट्रेल.' दुसऱ्यानेही तेच सगळ्यांना कळवलं. हा रोग आमचाच नाही. मेलचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये १९९७ साली कुणीतरी हजारो लोकांच्या यादीवर 'मला यातून काढा' असं लिहिलं, त्यावर इतरांनी सगळ्यांना 'मलाही', 'मलाही' असं उत्तर दिलं, आणि दीड कोटींच्या आसपास मेल फिरून सर्व्हर आडवे झाले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नोव्हेंबर २०१६ मध्ये एक टेस्ट मेल चुकून सुमारे ८,४०,००० खात्यांवर गेला. तिथेही डॉक्टर-नर्स मंडळींनी सगळ्यांनाच उत्तरं देऊन विनवलं, की कृपा करून सगळ्यांना उत्तरं देऊ नका. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने असली वादळं अडवायची सोय सॉफ्टवेअरमध्येच केली, पण ती हजारोंच्या यादीसाठी. आमच्या वीस जणांना कोण अडवणार?

बीसीसीबद्दल, म्हणजे बाकीच्यांना न दिसता जाणाऱ्या प्रतीबद्दल, फार बोलत नाही, तो चहाडीचा राजमार्ग आहे. फक्त एक. आमच्याकडे एका साहेबांना कुणीतरी गुपचूप बीसीसीत ठेवलं होतं. साहेबांनी खुशीत 'रिप्लाय ऑल' दाबून लिहिलं, 'गुड, नाऊ ही विल लर्न.' मग घाबरून मेल परत मागवला. त्यावर आउटलुकने सगळ्यांना कळवलं, की साहेब अमुक मेल परत मागवू इच्छितात. ज्यांनी तोवर वाचला नव्हता त्यांनीही तो शोधून वाचला.

माझं बिल शेवटी डायरेक्टरांपर्यंत पोचलं. ऑडिटवाल्यांनीच त्यांना घातलं होतं. रात्री अकराला त्यांचं उत्तर आलं, सगळ्यांना, फोनवरून, दोनच शब्द: 'प्लीज डिस्कस.'

सकाळी काका दोन पार्टिशन ओलांडून माझ्या टेबलापाशी आले. हातात ती सगळी साखळी, प्रिंट काढून, टाचणी मारून. "काय गं, काय भानगड आहे ही?" मी फोनमधला फास्टॅगचा मेसेज दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो वाचला, म्हणाले, "हे आधी नाही का सांगायचं?" आणि उभ्या उभ्या सही केली. चहा गार व्हायच्या आत काम झालं.

आठवडाअखेरीला पैसे जमा झाले, टोलचे वगळून. 'ओरिजिनल नॉट रिसीव्ह्ड' असा शेरा आहे. त्याबद्दल आता नवा मेल लिहायला घेतलाय. सीसीतली नावं भरून झाली आहेत, मजकूर जेवून आल्यावर लिहीन.