पाठवायला काय जातं?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. तुम्हीही वाचला असेलच. परराज्यातून मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, साधू, भिकारी, फेरीवाले अशा वेषांत फिरते, मुलांना गुंगीचं औषध देऊन नेते आणि किडन्या काढून विकते. रोज शेकडो मुलं गायब होतायत, पोलीस दडवतायत, सगळ्यांना पाठवा. जिल्ह्याचं नाव तेवढं दरवेळी बदलतं. सोबत एक व्हिडिओ, आणि त्याखाली आमच्या एका काकांची ओळ: ‘खरं असो नसो, सावध राहिलेलं बरं. पाठवायला काय जातं?’

आधी व्हिडिओ. पोरं गल्लीत क्रिकेट खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एकाला उचलून पळतात. बघताना पोटात खड्डा पडतो, खोटं कशाला बोलू. पण ही फिल्म कराचीतल्या एका संस्थेने पालकांना जागं करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली आहे. शेवटी तेच दोघं पोराला परत आणून सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतात. आपल्याकडे फिरणाऱ्या तुकड्यात तो शेवट कापलेला असतो. २०१८ पासून हे लोकांनी शंभरदा सांगून झालं आहे, तरी काकांच्या फोनमध्ये तो अजून कापलेलाच.

मग किडनी. काढलेली किडनी बर्फात ठेवली तरी जेमतेम दीड दिवस टिकते. रक्तगट जुळावा लागतो, ऊतींची जुळणी बघावी लागते, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, सर्जन आणि पलंगावर तयार असलेला रुग्ण लागतो. हे सगळं ओम्नी व्हॅनच्या मागच्या सीटवर होत नाही. किडनीचा काळाबाजार आपल्या देशात झाला आहे, नाही असं नाही. २००८ साली गुडगावला उघडकीला आलेलं प्रकरण आठवत असेल. पण त्यात फसलेली माणसं कोण होती? नोकरीच्या, पैशाच्या आमिषाने आणलेले मोठ्या वयाचे गरीब मजूर. त्यांच्यासाठी कुणी मेसेज फिरवत नाही.

‘रोज शेकडो मुलं गायब’ हा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही, कारण आकडे खरोखरच मोठे दिसतात. ते मोठे का, याचं एक कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशात आहे. मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार अपहरण किंवा तस्करीचा संशय धरूनच नोंदवायची, असा तो आदेश. चांगलाच आहे, कारण त्याआधी ‘येईल दोन दिवसांत’ म्हणून आईबापांना ठाण्यातून परत पाठवलं जायचं. पण यामुळे सतरा वर्षांची मुलगी एखाद्या मुलाबरोबर निघून गेली, दहावीला नापास झालेला मुलगा मुंबईच्या गाडीत बसला, की तेही कागदावर अपहरणच. यातली पुष्कळ मुलं परत येतात. जी येत नाहीत त्यांचं दुःख खरं आहे, आणि त्यांच्यासाठी आणीबाणीच्या ११२ किंवा मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ ला फोन करायचा असतो. मेसेजमध्ये हे दोन्ही नंबर नाहीत, हेही बघा.

आणि ‘वेष’! महाराष्ट्रात मुलं पळवणारी टोळी खरोखर होऊन गेली. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली १९९६ साली पकडल्या गेल्या. त्यांनी पाच-सहा वर्षं मुलं पळवली, पाकीटमारीत ढालीसारखी वापरली आणि त्यातल्या काहींना मारून टाकलं. त्या साधूच्या वेषात नव्हत्या. गर्दीत कडेवर पोर घेऊन उभ्या असलेल्या बायका होत्या त्या, जिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशा. त्यांचा पहिला बळी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो कोल्हापुरातल्या एका भीक मागणाऱ्या बाईचा मुलगा होता. मेसेज म्हणतो भिकाऱ्यापासून मूल सांभाळा. इथे मूल गेलं ते भिकारणीचं.

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत तर आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण शंभरात नव्वदच्या वर असतं. म्हणजे मेसेज वाचून आपण फाटकाकडे टक लावून बसतो आणि पाठ घराकडे असते.

झोळीवाल्याचीच भीती का वाटते, हा खरा प्रश्न. मला वाटतं ती मेसेजने आणलेली नाही, आधीपासून आत होती. ‘जेवत नाहीस? थांब, त्या झोळीवाल्याला देऊन टाकते’ हे ऐकत वरणभात गिळलेली पिढी आहे आपली. मेसेज फक्त बागुलबुवाला पत्ता देतो.

गेल्या पावसाळ्यात हे आमच्याच फाटकापाशी बघितलं. असाच मेसेज येऊन दोन दिवस झाले होते. दुपारी अडीचच्या सुमाराला बोहारीण आली, डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचं गाठोडं. सात-आठ वर्षं येते ती, कुठल्या घरात कोण घासाघीस करतं हे तिला पाठ आहे. त्या दिवशी तिला आत सोडलं नाही. आधी आधार कार्ड मागितलं, मग गाठोडं सोडायला लावलं. मी गॅलरीतून बघत होतो. साड्या, पँट, एक फाटकं स्वेटर, आणि मग शाळेच्या गणवेषाचा छोटा शर्ट निघाला. एकदम शांतता. ‘हा कुणाच्या पोराचा?’ एकाने शर्ट उंच धरला, दुसऱ्याने फोटो काढला. ती सांगत होती, ‘इथलाच हाय, तिसऱ्या माळ्यावरचा.’ कुणी ऐकेना.

खिशाखाली निळ्या शाईचा डाग होता. तो शर्ट माझ्या मुलाचा. दहा दिवसांपूर्वी आणखी चार कपड्यांबरोबर एका स्टीलच्या डब्यावर आमच्याच घरून गेलेला. मी धावत खाली जाऊन सांगितलं, तेव्हा लोक हसले, पांगले. एकजण म्हणाला, ‘बरं झालं खात्री झाली.’ तिने एकेक साडी घडी घालून पुन्हा गाठोडं बांधलं. पाटी उचलायला हात लावावा लागतो, तो मी लावला. ती काही बोलली नाही.

मी त्या वेळी घरी नसतो तर? मला फार लांबची कल्पना करावी लागत नाही. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तिथे आले होते. त्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं पुरलं. धुळ्यात मेसेज आधीच फिरून गेले होते. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. (पाच ग्रुप म्हणजे आमच्या काकांच्या हिशेबाने सहज हजार माणसं.) तरी २०२० च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सांगलीच्या जत तालुक्यातल्या लवंग्यात चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि पट्ट्यांनी मार खाल्ला.

तर काका, पाठवायला हे जातं.

बोहारीण त्यानंतर आमच्या गल्लीत आलेली नाही. मुलाचे आणखी दोन शर्ट लहान झालेत. बायकोने पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवून ठेवलेत.