मान वाकडी दिसली की लासोटा? थांबा जरा

पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: ‘मान वाकडी किंवा पाय लुळे दिसले की मानमोडीच. त्याच दिवशी अख्ख्या शेडला लासोटा पाजा, सोबत पाच दिवस अँटिबायोटिक. लॅबच्या नादी लागू नका, रिपोर्ट येईपर्यंत लॉट संपतो.’ हे ऐकून लॉट हातचे जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आणि लासोटा ही त्यावरची लस.

मानमोडीच? राणीखेतमध्ये मान पिळवटते, हे खरं. पण जुनाट फाउल कॉलऱ्यात (कोंबड्यांचा एक जिवाणूजन्य रोग) पाश्चुरेला जंतू मधल्या कानात आणि कवटीच्या हाडांत शिरला तरी मान अशीच वळते. साल्मोनेला किंवा ई. कोलाय पिल्लाच्या मेंदूपर्यंत पोचले की तोल जातो, थरथर सुटते.

लुळ्या पायांचं तर वेगळंच. ब्रॉयलर घोट्यांवर बसतो, पाय पुढे पसरलेले. नजर तरतरीत असते, पण ड्रिंकरपर्यंत जाता येत नाही, म्हणून तहानेने मरतो. असा पक्षी फाडून फुप्फुसं बाजूला करा आणि कण्यावरून बोट फिरवा. बरेचदा मध्यावर गाठ लागते. कापली की आत पिवळट, घट्ट पू. हे एंटेरोकॉकस सीकोरमचं काम. आतड्यातला हा जंतू रक्तात उतरतो आणि पाठीच्या एकाच हलत्या मणक्यात घर करतो. मणका सुजतो, मज्जारज्जू दाबला जातो. इथे लासोटा काय करणार?

लासोटा ही जिवंत लस आहे, औषध नाही. आजारी पक्ष्यांना पाजली की श्वासनलिकेवर ताण येतो आणि ई. कोलायचं फावतं.

आता ‘सोबत अँटिबायोटिक’. बोट्युलिझममध्ये, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या लकव्यात, मान वळत नाही, लोळागोळा होऊन जमिनीला टेकते. पापण्या मिटतात, पिसं ओढताच हातात येतात. लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या भुशात, सडलेला पक्षी किंवा त्यातल्या अळ्या खाल्ल्याने हे विष पोटात जातं. अँटिबायोटिकने विष उतरत नाही. मेलेले पक्षी रोजच्या रोज उचलणं हेच खरं काम. आणि कोणी ‘कोलिस्टिन द्या’ म्हणालं, तर या अँटिबायोटिकचं ऐकू नका. 2019 पासून कोंबड्यांसाठी त्यावर बंदी आहे.

लॅबचं म्हणाल, तर जंतूंचं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखणं) साधारण दोन-तीन दिवसांत कळतं. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. औषध सुरू करण्याआधी, लक्षणं असलेले तीन-चार जिवंत पक्षी न्या. कुजलेल्या पक्ष्यातून काही हाती लागत नाही. मात्र मरतूक एकाएकी वाढली असेल तर एकही पक्षी फाडू नका, शेडबाहेर नेऊ नका. बर्ड फ्लूतही मान वाकडी होते. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा.