सूर्याचं चुंबकत्व हा अंदाज नव्हे

‘दुर्बिणीला प्रकाश दिसतो, चुंबक नाही. सूर्याकडे होकायंत्र कोणी नेलंय? एवढ्या उष्णतेत चुंबकत्व टिकतच नाही. सूर्याचे ध्रुव उलटतात ही नुसती अटकळ.’ अशा अर्थाचा मजकूर सतत फिरतो, चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं. इतकं देखणं मोजमाप लोकांपर्यंत पोचतच नाही.

उष्णतेचं आधी. तापवल्यावर चुंबकत्व जातं ते लोखंडाच्या तुकड्याचं. सूर्य म्हणजे विद्युतभारित वायूचा गोळा. त्यात वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहांमुळे क्षेत्र तयार होतं, वीज वाहणाऱ्या तारेभोवती होतं तसंच.

आता प्रकाश. प्रकाशाचे रंग वेगळे केले की त्यात ठराविक ठिकाणी बारीक रेषा दिसतात, त्या वर्णरेषा. चुंबकीय क्षेत्राचा या वर्णरेषांवर परिणाम होतो, त्या दुभंगतात, हे डच भौतिकशास्त्रज्ञ पीटर झेमान यांनी १८९६ मध्ये दाखवलं. १९०८ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेल यांना कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेतून सौरडागांत याच दुभंगलेल्या रेषा सापडल्या. डागांतलं क्षेत्र हजारो गॉसचं (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक), पण अख्ख्या सूर्याची सरासरी जेमतेम एखादा गॉस. खरी कसोटी इथे आहे. एका गॉसने लोखंडाची ५२५० अँगस्ट्रॉम तरंगलांबीची हिरवी रेषा सरकते ती स्वतःच्या रुंदीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. नुसतं बघून काही कळणार नाही. मात्र दुभंगलेल्या रेषेच्या एका भागाची प्रकाशलहर उजवीकडे पीळ घेत येते, दुसऱ्याची डावीकडे. स्टॅनफर्डच्या विल्कॉक्स वेधशाळेत हे दोन्ही प्रकाश आळीपाळीने, भराभर आत घेतात आणि फक्त त्यांतला फरक मोजतात. रेषा हलण्याची इतर कारणं दोन्हींत सारखीच, ती वजा होऊन जातात. १९७०च्या दशकापासून हे काम चालू आहे.

होकायंत्राचं म्हणाल तर चुंबकमापक घेऊन नासाचं पार्कर यान २०२१ मध्ये सूर्याच्या प्रभामंडळात, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात, शिरलं. आपल्या आदित्य-एल१ वरही चुंबकमापक आहे.

एक मात्र कबूल. या पद्धतीने मुख्यतः आपल्या दिशेचं क्षेत्र कळतं, आणि ध्रुव आपल्याला अगदी तिरके दिसतात. सूर्याचा अक्ष सुमारे सव्वासात अंश कललेला असल्याने उत्तर ध्रुव सप्टेंबरात बरा दिसतो, दक्षिण मार्चमध्ये.

तरीही ध्रुवपालट पहिल्यांदा मोजला गेला तो याच पद्धतीने. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ बॅबकॉक यांच्या नोंदींत दक्षिण ध्रुव १९५७च्या मध्याला उलटला, उत्तर ध्रुव थेट नोव्हेंबर १९५८ मध्ये. मधलं वर्षभर सूर्याचे दोन्ही ध्रुव एकाच जातीचे होते. अटकळ बांधणाऱ्याला हे सुचलंही नसतं.