झोपेत दात खाणारं लेकरू आणि जंताची बाटली

लेकरू झोपेत दात खातं म्हणजे त्याच्या पोटात जंत झाले, हे आपल्याकडे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की पुढे कोणी काही विचारतच नाही. सासू सांगते, शेजारीण सांगते, औषधाच्या दुकानातही तेच ऐकायला मिळतं आणि जंताची बाटली हातात पडते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. या समजुतीपायी लेकराचं खरं दुखणं मागे पडताना पाहिलं आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

तो आवाज भीती वाटावी असाच असतो, यात वाद नाही. गाव शांत झालेलं, पंखा सुरू, आणि जात्यात खडा सापडावा तसा करकर आवाज एवढ्याशा तोंडातून येतो. आईची झोप उडते. लेकरू मात्र गाढ झोपलेलं असतं आणि सकाळी उठून खेळायला लागतं.

मागच्या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी एक आजी अडीच वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या. "बाई, पोट्टं रातभर दात खाते. जंतच झाले असतीन. माय गोड चारते न त्याले, आयकत नाही." सून मागे उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. जंताचं औषध आधीच पाजून झालं होतं, एकदा नाही, दोनदा. वरून वावडिंगाचा काढाही सुरू होता. मी सुनेला विचारलं, "रात्री घोरतो का?" तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग म्हणाली, "घोरते न ताई, मोठ्या माणसावानी. तोंड उघडं ठेवूनच झोपते, सकाळी उशी ओली राह्यते." घोरण्याचं घरात कोणाला काहीच वाटलं नव्हतं. आजोबा घोरतात, तसा नातू घोरतो, एवढंच.

मला बोलायचं आहे ते नेमकं याच्याबद्दल. लहान मुलांमध्ये झोपेत दात खाणं खूप सर्रास आढळतं. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर यायला लागले की हे सुरू होऊ शकतं. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात येतात. बालवाडीच्या वयात हे जास्त दिसतं आणि पक्के दात यायला लागल्यावर बहुतेक मुलांमध्ये आपोआप कमी होत जातं. झोप गाढ अवस्थेतून हलक्या अवस्थेत येते तेव्हा मेंदू क्षणभर जागा झाल्यासारखा होतो, हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि जबड्याचे स्नायू आवळले जातात. आवाज येतो तो त्यामुळे. काही घरांत आई-वडिलांनाही लहानपणी ही सवय असते.

आता ज्या मुलाला झोपेत नीट श्वास घेता येत नाही, त्याची झोप रात्रभर अशीच तुटत राहते. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या, सर्दीनं नाक कायम चोंदलेलं राहिलं, की हवेची वाट अरुंद होते. मग घोरणं, तोंडानं श्वास घेणं, मान मागे टाकून झोपणं, घामाघूम होणं, मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकणं, आणि त्यासोबत दात खाणं. अशी मुलं दिवसा चिडचिडी असतात. घरचे म्हणतात, पोट्टं हट्टी आहे. बाई, त्याची रात्रीची झोपच पुरी झालेली नसते!

जंताबद्दलही स्पष्ट लिहिते, कारण उद्या कोणी म्हणेल की ताई जंताची गोळी देऊ नका म्हणतात. तसं अजिबात नाही. जंत आपल्या भागातला खरा प्रश्न आहे. लेकरं अनवाणी वावरात फिरतात, आणि अंकुशकृमी पायाच्या कातडीतूनच शरीरात शिरतो, रक्त कमी करतो. म्हणूनच २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास. १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. १ ते २ वर्षांच्या बाळाला ४०० मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, बारीक करून पाण्यातून. त्यावरच्यांना पूर्ण. ती गोळी चुकवू नका. पण जंतामुळेच दात खातात, हे संशोधनात कुठे पक्कं सिद्ध झालेलं नाही. शौचाच्या जागी रात्री खाज सुटते, संडासात जंत दिसतात, पोट वारंवार दुखतं, अशी लक्षणं असतील तर जंताचा विचार जरूर करा. नुसता दातांचा आवाज ऐकून बाटलीवर बाटली पाजू नका.

आणि सुनेला बोल लावणं थांबवा. गोड चारलं म्हणून दात खातो, लक्ष नाही म्हणून दात खातो, हे मी फार ऐकलं आहे. कापूस वेचायला पहाटे निघून जाणारी बाई रात्री लेकराजवळ जागी बसते, त्याचा जबडा हातानं धरून ठेवते, आणि सकाळी पुन्हा तिलाच ऐकवलं जातं. काही घरांत तर दात खाणारं लेकरू अपशकुनी म्हणून त्याची दृष्ट काढतात, त्याच्यासमोरच तसं बोलतात. याचा मला राग येतो. झोपेत जे होतं त्यावर दोन वर्षांच्या लेकराचा काय ताबा? त्याला हलवून उठवू नका, तोंडावर चापट मारू नका. मोठ्यांसारखं दातांत घालायचं प्लास्टिकचं कव्हरही या वयात सहसा देत नाहीत, कारण जबडा वाढत असतो.

घरी करण्यासारखं एक नक्की आहे. संध्याकाळी बशीत चहा ओतून टोस्ट बुडवून द्यायची आपल्याकडची सवय लहान लेकरांसाठी बंद करा, आणि झोपताना हातातला मोबाइल काढून घ्या. दोन्हींमुळे झोप उडते.

त्या नातवाला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. डॉक्टरांनी टॉर्च लावून घसा पाहिला तर दोन्ही टॉन्सिल मधोमध एकमेकांना टेकायला आलेले. आता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे तपासणी सुरू आहे. आजीच त्याला घेऊन जातात.

तुमचं लेकरू दात खात असेल तर आज रात्री त्याच्याजवळ थोडा वेळ बसून श्वास ऐका. घोरणं, तोंड उघडं राहणं किंवा श्वास अडकणं दिसलं तर मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि तोच डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात लेकरू जागं असतं आणि तिथे काही दिसत नाही. सकाळी जबडा दुखतो म्हणत असेल, दाताचा टवका उडाला असेल, थंड-गरम झोंबत असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, पैसे लागत नाहीत. पथक कधी येणार आहे ते तुमच्या गावच्या सेविकेला विचारून ठेवा, आणि त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका.