‘काका, बॉनेट कधी उघडलंय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पिकअपच्या एअर फिल्टरवरच्या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. म्हणणं असं: धुऊन, तेल लावून वापरायचा कापडी फिल्टर एकदाच घ्यावा लागतो, दरवेळी कागदी बदलण्यापेक्षा स्वस्त पडतो, गाडी मोकळी ओढते. आणि शेवटी, “काका, बॉनेट कधी उघडलंय का, की खुर्चीत बसूनच ज्ञान?”

आधी तुमचं बरोबर ते. हवा मोजणारा सेन्सर सगळ्याच पिकअपना असतो, असं मी लिहून गेलो. जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल गाड्यांना तो नसतो. लेखात दुरुस्त केलंय. पण हेच नीट शब्दांत सांगता आलं असतं की नाही?

आता बॉनेटचं. २००८ पासून मी निफाड-लासलगाव भागात कांदा वाहतो. एप्रिलात शेतापासून कांदाचाळीपर्यंतचा मुरमाचा रस्ता, पुढे ट्रॅक्टर, त्याच्या धुरळ्यात मी. संध्याकाळी बॉनेटवर बोटानं नाव लिहावं इतकी माती. आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला तेलाची वाटी होती. वडील ती काढून ओट्यावर ठेवायचे आणि तळाचा काळा गाळ काडीनं खरवडायचं काम माझ्याकडे. तेव्हा ‘तेल धूळ धरतं’ हे मला नका शिकवू. शाळेत होतो तेव्हापासून हात काळे केलेत.

आणि हो, कापडी फिल्टर मीही लावला होता, २०१६ साली, असाच कुणाचं तरी ऐकून. सांगितल्याप्रमाणे धुतला, सावलीत वाळवला, तेल लावलं. तीन महिन्यांनी क्लिप सोडून टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, जाणाऱ्या रबरी पाइपात बोट फिरवलं. फिल्टरच्या अलीकडे नाही, पलीकडे! बोट निघालं तांबूस, गंध लावल्यासारखं. त्या मातीतली बारीक वाळू सिलिंडरच्या बिडापेक्षा कडक असते. ती आधी टर्बोच्या पात्यांची धार खाते, मग सिलिंडर घासते, आणि एक दिवस गाडी ऑइल प्यायला लागते. तुम्ही म्हणाल, तेल कमी लावलं असेल. लावलं असेलही. मग माझ्यासारख्या रोज गाडी हाकणाऱ्याकडून जे दरवेळी बिनचूक होणार नाही, ते मी इतरांना कशाला सांगू? तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जातं, ते वेगळंच.

कागदी फिल्टर थोडा मळला की बारीक धूळ उलट जास्तच अडवतो. म्हणून मी तो रोज काढून झटकत नाही. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारून कागद फाडणारे महाभाग आमच्याकडे ढिगानं आहेत.

मोकळं ओढण्याचं म्हणाल, तर आवाज वाढतो हो, आणि कानाला तीच ताकद वाटते. पैशांचा हिशोब तुमचा तुम्हाला लखलाभ, त्यात मी पडत नाही.

पाइपात बोट घाला, पांढऱ्या रुमालाला पुसा आणि फोटो टाका. स्वच्छ निघाला तरी तो इथं ठेवीन, उडवणार नाही. आणि ‘काका’ कुणाला म्हणता? एक्केचाळीस अजून पूर्ण व्हायचीत मला.